सहा-एकोणीसचं ऊन

मिरज-कोल्हापूर ही एकेरी लाईन आहे हे रोजच्या पॅसेंजरवाल्यांना वेगळं सांगावं लागत नाही. समोरून गाडी यायची असली की आपली गाडी एखाद्या छोट्या स्टेशनात बाजूला घेतात, आणि मग बसा. आम्ही त्याला नुसतं 'क्रॉसिंग' म्हणतो. "आज क्रॉसिंग कुठं?" हा आमच्या डब्यातला पहिला प्रश्न. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचे गुडघे वगैरे त्याच्यानंतर.

6 फेब्रुवारी 2024, मंगळवार. कोल्हापुरातलं ऑफिस सुटल्यावर जयसिंगपूरला परत येत होते. गाडी लूप लाईनला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या लाईनला, उभी राहिली, डब्यात उकडत होतं, म्हणून मी प्लॅटफॉर्मवर उतरले आणि सहज मागे, कोल्हापूरच्या दिशेला बघितलं. सूर्य बरोबर रुळांच्या टोकाला टेकलेला होता. आमच्या गाडीखालचे लूपचे रूळ तपकिरी, मळकट. आणि शेजारी चार-पाच मीटरवर मेन लाईनचे दोन्ही रूळ मात्र भट्टीतून आत्ताच बाहेर काढल्यासारखे. मोबाइलवर फोटो काढला. त्यात आला एक पांढरा फराटा आणि माझंच बोट.

या एका फोटोसाठी पुढे बरोबर एक वर्ष गेलं. अर्ज, टपाल, स्टॅम्प पेपर, पुण्याची एक फेरी, सगळं झालं. 'रेल्वेत फोटो काढायला परवानगी कशी मागायची' असं मला तीन-चार जणांनी विचारलं, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते. हा माझ्या एका अर्जाचा अनुभव आहे, एवढंच धरून वाचा.

सुरुवात मूर्खपणानं केली, तेही सांगते. त्याच आठवड्यात शनिवारी कॅमेरा घेऊन (सेकंडहँड निकॉन डी-5600, सोबत 70-300 ची लेन्स) एका फाटकाजवळ गेले, आणि सगळे जसे फोटो काढतात तशी थेट रुळांच्या मधे जाऊन बसले. दोन रूळ, मधे आपण, लांब जाऊन मिळणाऱ्या दोन रेघा. पाच मिनिटंही झाली नसतील, मागून आवाज आला.

"ओ ताई! उठा तिथनं!"

खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, कमरेला पाना, हातात लाल-हिरवी झेंडी गुंडाळलेली. की-मन होते. रोज ठरलेला तुकडा पायी चालत रुळांच्या चाव्या, म्हणजे रूळ जागेवर पकडून ठेवणारे लोखंडी तुकडे, बघत जाणारा माणूस. मी म्हटलं, गाडी आली तर आवाज येईलच की.

"न्हाय येत," ते म्हणाले. "वारं उलटं असलं तर मलासुद्धा न्हाय येत. इंजिन आता विजेचं हाय, लांबनं कळत न्हाय. आन तुमी तर डोळा झाकून बसलाय."

खरंच, एक डोळा मिटलेला आणि दुसरा कॅमेऱ्याला लावलेला. मी उठले. त्यांनी दंड केला नाही, तो त्यांच्या हातातही नसतो, पण रात्री घरी येऊन वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. रेल्वे कायदा 1989, कलम 147: रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपयांचं काही नाही. पण मिटलेल्या डोळ्याचं ते वाक्य डोक्यातून जाईना. रुळांत उतरायचं नाही, हे त्या दिवशी ठरलं. मग उभं राहायचं कुठं? उरला प्लॅटफॉर्म.

आता थोडं सूर्याबद्दल. मला वाटायचं सूर्य पश्चिमेला मावळतो, विषय संपला. मार्चच्या अखेरीस त्याच स्टेशनला पुन्हा क्रॉसिंग मिळालं, बघते तर सूर्य रुळांच्या टोकाला नाहीच. उजवीकडे, शेतातल्या एका शेडच्या मागे. तेव्हा ट्यूब पेटली. आपल्या इकडे डिसेंबरात सूर्य साधारण 245 अंशाला मावळतो, म्हणजे पश्चिमेपासून बराच नैर्ऋत्येकडे. मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनी बरोबर 270 ला. आणि जूनमध्ये 295 च्या आसपास. वर्षभर तो क्षितिजावर असा येरझाऱ्या घालत असतो. उत्तर 0, पूर्व 90, असं मोजायचं. रूळ मात्र जागचे हलत नाहीत. म्हणजे रुळांची दिशा मोजायची आणि सूर्य त्या दिशेला कधी येतो ते बघायचं.

दिशा मोजायला काही विकत घ्यावं लागत नाही. मोबाइलवरच्या उपग्रह नकाशात रुळांवर दोन बिंदू टाकले की कोन मिळतो, आणि सूर्याची जागा दाखवणारी मोफत ॲप्स आहेत. माझ्या स्टेशनचा सरळ तुकडा 252 अंश निघाला. सूर्य तिथे वर्षातून दोनदाच येतो: नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, खाली दक्षिणेकडे जाताना, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, परत येताना. रोज तो साधारण एक तृतीयांश अंश सरकतो. म्हणजे हाती येतात पाच-सहा दिवस, फार तर आठवडा. 6 फेब्रुवारीला मला दिसलं तो निव्वळ योगायोग होता.

हे गणित कुठल्याही लाईनला लागू पडतं. भुसावळ-बडनेरा जवळपास पूर्व-पश्चिम आहे, तिथे मार्च आणि सप्टेंबरची अखेर. दौंड-कुर्डुवाडी वायव्येकडे झुकलेली, तिथे मेच्या अखेरीपर्यंत थांबायला लागेल, आणि तोवर वळवाचे ढग. कोकण रेल्वे किंवा पुणे-सातारा बरीचशी उत्तर-दक्षिण. तिथे संध्याकाळी रुळांच्या टोकाला सूर्य मिळायचा नाही, पण बाजूनं येणारं ऊन वर्षभर मिळेल, आणि त्याचीही मजा आहे, खडीच्या एकेका दगडाला सावली पडते. आम्ही मिरज-कोल्हापूरवाले नशीबवान, आमचे दोन्ही आठवडे कोरड्या हवेतले. 1888 साली शाहू महाराजांच्या हस्ते या लाईनची पायाभरणी झाली आणि 1891 ला गाडी सुरू झाली. मीटर गेज जाऊन ब्रॉडगेज आलं ते 1971 च्या सुमाराला.

मग अर्ज. पहिल्यांदा, 5 ऑगस्ट 2024 ला, त्या स्टेशनच्या मास्तरांनाच भेटले. त्यांनी नीट ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, मोबाइलवर चार फोटो काढून गेलात तर कोण विचारायला येतंय. पण मोठा कॅमेरा घेऊन रोज दोन-दोन तास थांबणार म्हणता, ते माझ्या हातात नाही. वर लिहा." वर म्हणजे पुण्याला, विभागीय कार्यालयात.

12 ऑगस्टला स्पीड पोस्टनं अर्ज पाठवला. 41 रुपये. अर्ज माझ्या मते उत्तम होता. पाऊण पान तर मी प्रकाशाबद्दलच लिहिलं होतं. तारीख? 'नोव्हेंबर महिन्यात'. जागा? 'प्लॅटफॉर्म व परिसर'. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं, तीन ओळींचं: नेमक्या तारखा, वेळ, नेमकी जागा, कॅमेऱ्याचा तपशील आणि हेतू कळवावा. त्यांचं बरोबरच होतं. 'परिसर' म्हणजे काय? परिसरात तर रूळही येतात.

इथे मी दुसरी चूक केली. गणपती, पाहुणे, ऑफिसात सप्टेंबरअखेरची कामं, या सगळ्यात दुसरा अर्ज टाकायला 7 ऑक्टोबर उजाडला. मागितलेल्या तारखा होत्या 3 ते 8 नोव्हेंबर. पुढे दसरा, मग दिवाळी. लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं. महिनाभरात कागद चार टेबलं फिरून येईल असं मी का धरलं, देव जाणे.

5 नोव्हेंबरला, मंगळवारी, परवानगी हातात नसताना मी पासावर नेहमीसारखी प्रवास करत होते. त्या दिवशी क्रॉसिंग नव्हतंच. गाडी दोन मिनिटं थांबली आणि सुटली. दारातून बघितलं, सहा वाजायला पाच-सात मिनिटं कमी होती, रूळ तसेच पेटलेले. शेजारच्या बाईंना म्हटलं, बघा ना. त्यांनी बघितलं, आणि म्हणाल्या, "काय पडलं का?"

21 नोव्हेंबरला पत्र आलं. तारखा उलटून गेल्या असल्यानं सुधारित अर्ज करावा, आणि सोबत हमीपत्र जोडावं.

हमीपत्र म्हणजे स्टॅम्प पेपर. आणि ऑक्टोबरपासूनच महाराष्ट्रात शंभर-दोनशेच्या स्टॅम्पचा जमाना संपून किमान पाचशेचा सुरू झालेला. महिना-दीड महिना आधी अर्ज नीट केला असता तर चारशे रुपये वाचले असते, हे आमच्या घरात अजूनही ऐकवलं जातं. पाचशेचा स्टॅम्प, नोटरीचे अडीचशे, टायपिंग आणि झेरॉक्स मिळून नव्वद. मजकूर असा, की चित्रीकरणाच्या वेळी मला इजा झाली किंवा कॅमेऱ्याचं नुकसान झालं तर जबाबदारी माझी. रेल्वेच्या कामात अडथळा आणणार नाही. फोटो विकणार नाही. आमच्या यांनी तो कागद दोनदा वाचला. काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "इजा म्हणजे नक्की काय गं?" सासूबाईंचा प्रश्न वेगळाच होता. "रुळांचे फोटो काढायचे तर काढ, पण रूळ विचारायला कुणाला जातात?"

तिसरा अर्ज मी टपालानं पाठवला नाही. 9 डिसेंबरची रजा टाकली, आदल्या रात्रीची महालक्ष्मी पकडून पहाटे पुण्याला उतरले, वेटिंग रूममध्ये तोंड धुतलं आणि ऑफिस उघडायच्या आधी दारात. जाणं-येणं-खाणं धरून 640 रुपये गेले, पण सगळ्या वर्षात सर्वांत उपयोगी पडलेले पैसे हेच. कारण समोरासमोर बसल्यावर दहा मिनिटांत कळलं, की मला हवं ते आणि त्यांना लागतं ते यात भांडण नाहीच, फक्त भाषा वेगळी.

टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, "काय शूट करायचंय? गाडी, स्टेशन, की माणसं?"

"रूळ."

"रूळ?" त्यांनी चष्मा काढला. "रुळांची काही तक्रार आहे का?"

नाही म्हटलं, उन्हात चांगले दिसतात. मोबाइलमधला तो पांढरा फराटा दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग माझा अर्ज ओढून घेऊन त्यावर पेन्सिलीनं काय काय लिहायचं ते सांगितलं, आणि मी तिथेच बसून नवा लिहिला. विषय एका ओळीत. प्लॅटफॉर्मचं कुठलं टोक, त्याची दिशा. पाच तारखा, 3 ते 7 फेब्रुवारी 2025. वेळ संध्याकाळी साडेचार ते पावणेसात. एकटी व्यक्ती, एक कॅमेरा, त्याचा नंबर, ट्रायपॉड नाही, दिवे नाहीत, ड्रोन नाही. हेतू वैयक्तिक, विक्रीसाठी नाही. सोबत आधारची प्रत. प्रकाशाबद्दल एक शब्द नाही. सगळं मिळून अर्धं पान. पोचेचा शिक्का माझ्या प्रतीवर मारून घेतला. तो शिक्का घ्याच, पुढे फोन करताना तोच नंबर विचारतात. जाहिरातीचं किंवा लग्नाचं शूट असतं तर त्याचं शुल्क आणि रस्ता वेगळा, असं ते म्हणाले. मला वेगळं शुल्क पडलं नाही.

ट्रायपॉड का नको, हे मी विचारलं. प्लॅटफॉर्मवर लोक अडखळतात हे एक. दुसरं, डोक्यावर पंचवीस हजार व्होल्टची तार आहे. तारेला शिवायचीच गरज नसते, नुसतं जवळ गेलं तरी झटका बसतो. दोन मीटरच्या आत काही नेऊ नये असा नियम. लांब दांड्याची सेल्फी स्टिक वर करणारी पोरं बघितली की मला आता घाम फुटतो.

20 जानेवारीला परवानगीचं पत्र आलं. अटी मी मागितल्या त्याच, शिवाय तीन: रोज आल्यावर ड्युटीवरच्या मास्तरांना पत्र दाखवायचं, प्लॅटफॉर्मच्या उताराच्या पुढे जायचं नाही, आणि निवडलेल्या फोटोच्या दोन प्रती द्यायच्या.

3 फेब्रुवारी, सोमवार. ऑफिसातून चारला निघाले. मास्तर नवे होते, पत्र वाचलं, वहीत नोंद केली, पॉइंट्समनला (रूळ बदलणाऱ्या सांध्यांचं काम बघणारा कर्मचारी) हाक मारून सांगितलं, "ह्या ताई टोकाला असतील." पावणेसहापर्यंत सगळं छान. आणि मग उसाचं पाचट. गळीत हंगाम जोरात, लाईनच्या दोन्ही बाजूंना ऊस, आणि कुणीतरी तुटलेल्या रानाला काडी लावलेली. धुराचा थर पश्चिमेला अस्सा आडवा पसरला आणि सूर्य त्याच्यामागे गेला तो लाल टिकलीसारखा, बिनतेजाचा. रूळ विझले. फोटो काढले, पण त्यात रूळ म्हणजे नुसत्या दोन काळ्या रेघा.

4 तारखेला ढग. कॅमेरा पिशवीतून बाहेरही काढला नाही, पण हा दिवस वाया गेला असं मी म्हणणार नाही. पॉइंट्समन मोकळे होते. पन्नाशीचे असतील. त्यांना विचारलं, मेन लाईनच एवढी का चमकते? ते मला उताराच्या टोकाशी घेऊन गेले आणि तिथूनच बोट दाखवलं.

"पूर्ण डोकं चमकत न्हाई बघा. नीट बघा. आतल्या अंगाला पट्टा हाय."

बघितलं. खरंच होतं. रुळाच्या माथ्यावर, जेमतेम दोन-तीन बोटं रुंदीचा, आरशासारखा पट्टा, मधोमध नाही तर थोडा आतल्या बाजूला. बाहेरची कड मळकट. रूळ उभे सरळ नसतात, विसास एक या प्रमाणात आत कललेले असतात, आणि चाकाचा घासही त्याच अंगाला लागतो. मी वर्षभर 'चमकणारे रूळ' म्हणत होते, आणि चमकतो तो एवढा पट्टा. खालचं सगळं, मान आणि पाय, गंजाचं. लूपवरनं गाड्या कमी जातात, तिथला पट्टा अंधुक. "चार-आठ दिवस गाडी न्हाई गेली आन जरा दव पडलं की लगीच तांबूस धरतंय," ते म्हणाले. "आमी रुळाकडं बघून सांगतो गाडी कवा गेली ती."

फोटो कसा काढायचा ते मला खरं तर या बोलण्यातून कळलं. उजेड पकडायचा असेल तर तो दोन-तीन बोटांचा पट्टाच मोजायचा, बाकी सगळं काळं पडलं तरी चालेल. कॅमेरा आपला आपण सगळ्याची सरासरी काढतो आणि पट्टा पांढरा फेक करतो. माझ्या मोबाइलनं तेच केलं होतं. म्हणून उजेड मुद्दाम कमी करायचा, मी जवळजवळ दोन स्टॉप उतरवला (एक स्टॉप उतरवला की उजेड निम्मा होतो).

5 तारखेला सासूबाईंना मिरजेला डोळे तपासायला न्यायचं होतं. गेले नाही.

6 तारखेला, गुरुवारी, हवा स्वच्छ. बरोबर वर्ष झालेलं. सव्वापाचला टोकाला जाऊन बसले. सहा वाजून पाच मिनिटांनी एक मालगाडी आली आणि लूपवर, म्हणजे बरोबर माझ्या आणि मेन लाईनच्या मधे, उभी राहिली. डब्यांची भिंत. तिच्या फटीतून मला पलीकडचं सोनं दिसत होतं. मास्तरांकडे गेले, बोलले मात्र काही नाही. त्यांनीच हात जोडले. "आता मालगाडीला काय सांगू? फोटो आहे म्हणून?" दोघंही हसलो. ती सुटली सहा चाळीसला. सूर्य मावळून सात-आठ मिनिटं झाली होती.

7 फेब्रुवारी, शुक्रवार, शेवटचा दिवस. त्या दिवशी मी एक गोष्ट बदलली. आतापर्यंत उभी राहून काढत होते. आता पिशवी प्लॅटफॉर्मवर, पिवळ्या रेषेच्या आत आडवी ठेवली, तिच्यावर कॅमेरा, आणि त्याची पाठीमागची फिरती काच वर वळवून मांडी घालून बसले. कॅमेरा जितका खाली तितका उजेड रुळावरून घसटत येतो आणि पट्टा लांबलचक दिसतो. दुसरा फायदा डोळ्याचा. लांबच्या लेन्समधून, छिद्राला डोळा लावून सूर्याकडे बघायचं नाही, कधीच नाही, आणि काचेवर बघितलं की ते टळतं. शिवाय दोन्ही डोळे उघडे राहतात. की-मनची आठवण आलीच. निघण्यापूर्वी लेन्सची पुढची काच पुसून घेतली होती. सूर्य समोर असला की एकेक धूलिकण फोटोत तारा होऊन बसतो.

सहाला ऊन पिवळं होतं. चकाकीचा तुकडा माझ्यापासून फार लांब नव्हता, खडीतला एखादा कागदही चमकत होता. मग सूर्य जसा उतरत गेला तसा तो तुकडा रुळावरून लांब, लांब सरकत निघाला. मला वाटायचं ऊन आपल्याकडे येईल. ते उलट जातं. आधी डावा रूळ, मग सूर्य किंचित उजवीकडे सरकल्यावर दोन्ही. सहा पंधराच्या पुढे अशी चार-पाच मिनिटं आली, की जवळची खडी निळसर काळी, लूपचे रूळ तपकिरी, आणि मेन लाईनवर दोन बारीक नारिंगी रेघा, शेवटपर्यंत, सिग्नलच्या पलीकडे उसापर्यंत. मागे कुठेतरी रूळ बारीक वाजायला लागले होते. कॅमेऱ्याचं सेटिंग: लेन्स 200 च्या आसपास, एफ-11, आयएसओ 100. अकरा फोटो काढले. मग मिरजेकडून न थांबणारी गाडी आली, पॉइंट्समननी आधीच हाक मारली होती, मी पिशवी उचलून भिंतीला जाऊन टेकले. गाडी गेल्यावर धुळीचा पडदा खाली बसेपर्यंत सूर्य उसात.

ऑफिस सुटल्यावर जाणाऱ्यांसाठी एक सांगते. माझ्याकडे पास होता. तुम्ही प्लॅटफॉर्म तिकिटावर जाणार असाल तर ते दहा रुपयांना मिळतं आणि दोनच तास चालतं. तेव्हा तीनपासून जाऊन बसू नका. हवं ते ऊन शेवटच्या पाऊण तासातच असतं. आणि फोटोत कुणाचा चेहरा येत असेल तर त्यांना विचारा. मी पॉइंट्समनना विचारलं, ते म्हणाले नको, म्हणून ते नाहीत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आठ-बाय-बाराच्या दोन प्रती काढल्या, 220 रुपये. सगळा हिशेब सतराशे ब्याऐंशी. एक प्रत पुण्याला टपालानं पाठवायची, ते 41 रुपये यात धरलेले आहेत. दुसरी स्टेशनवर देऊन टाकावी म्हणून गेले. ऑगस्टमध्ये चहा पाजणारे मास्तर ड्युटीवर होते. फोटो त्यांनी ट्यूबलाइटखाली धरला. मी वाट बघत होते उन्हाबद्दल काहीतरी म्हणतील म्हणून.

"मेनचा स्टार्टर ऑफ आहे," ते म्हणाले.

म्हणजे?

"म्हणजे सिग्नल दिलेला आहे. गाडी तुमच्या पाठीमागे होती. किती वाजता काढला?"

कॅमेऱ्यात बघून सांगितलं, सात फेब्रुवारी, सहा एकोणीस. त्यांनी कपाटातून जाडजूड रजिस्टर काढलं, थुंकी लावून पानं मागे उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं, आणि मान हलवली.

"स्टार्टर मी एकोणीसला दिलाच नव्हता. एकवीसला दिलाय. तुमच्या कॅमेऱ्याचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे."

तिथेच बाकावर बसून मी ते पुढे केलं.